मराठीत लिहून घर चालवणाऱ्यांची स्वतःची वेबसाइट हवीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हापासून पेपरात भाषेबद्दल बरंच छापून येतंय, वाचून छान वाटतं, पण मराठीत लिहून घर चालवणाऱ्या माणसाला काम कुठून मिळतं, पैसे कसे मिळतात यावर कोणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र. मी सांगलीत राहते आणि फ्रीलान्स लिहिते, म्हणजे इंग्रजीवरून भाषांतर, कंपन्यांची माहितीपत्रकं, जाहिरातीचा मजकूर, संस्थांच्या स्मरणिका, मानपत्रं, मुद्रितशोधन, जे येईल ते. माझ्यासारखे लोक प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, शाळेतून रिटायर झालेले सर आहेत, घरून काम करणाऱ्या ताई आहेत, पत्रकारिता सोडलेली मुलं आहेत, आणि चांगलं लिहितात हो, पण गावाबाहेर कोणाला माहीतच नाहीत.

कारण आमचं सगळं तोंडी चालतं. डीटीपीवाला नंबर देतो, प्रेसवाला देतो, जुना क्लायंट त्याच्या मेव्हण्याला सांगतो, मग फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, तुमचं केलेलं काही बघायला मिळेल का. मग आम्ही व्हॉट्सॲपवर कात्रणांचे फोटो, दोन पीडीएफ, एखाद्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असं पाठवतो आणि ते त्या माणसाच्या फोनमधे बाकीच्या शंभर फोटोंखाली जातं. दोन महिन्यांनी त्याला खरंच काम निघतं तेव्हा त्याला ते सापडत नाही, नंबर कोणत्या नावानं सेव्ह केला तेही आठवत नाही, आणि काम जातं पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडे, एजन्सी ते परत आमच्यातल्याच कोणाकडून तरी निम्म्याहून कमी पैशात करून घेते. हे मला मनापासून खटकतं.

काम नाहीये असं अजिबात नाही. दुकानांच्या मराठी पाट्यांचंच बघा, सप्टेंबर २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली आणि सगळीकडे पाट्या बदलायची धावपळ झाली, पण पाटीवर काय लिहायचं हे सांगायला बहुतेकांकडे माणूसच नव्हता, रंगवणाऱ्यानं किंवा फ्लेक्सवाल्यानं जे सुचलं ते टाकलं, आजही बाजारपेठेतून चालत गेलं तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजून होत नाहीत. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की कर्जदाराशी पत्रव्यवहार त्याच्या स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल अशा भाषेत करायचा, म्हणजे मंजुरीपत्र, अटी, वसुलीची पत्रं हे सगळं कोणीतरी नीट मराठीत लिहायला पाहिजे. आमच्याकडे द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांना औषध विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्या बाटलीबरोबरच्या कागदावरचं मराठी चुकलं तर शेतकरी एकराला किती टाकायचं तेच चुकतो. परदेशातली मराठी मंडळं दिवाळी अंक आणि स्मरणिका काढतात, त्यांनाही मुद्रितशोधक लागतात. ही सगळी मंडळी माणूस शोधताना आता पहिल्यांदा गुगलवर टाइप करतात आणि तिथे आम्ही नसतो.

फेसबुकवर आहोत की, असं कोणी म्हणेल. असावंच, मी पण आहे. पण फेसबुकवरची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते आणि जागा आपली नसतेच, मालकाच्या मनात आलं की बंद. ऑर्कुट आठवतंय ना, फेसबुकसारखीच गुगलची साइट होती, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि मराठी कम्युनिटीमधलं केवढं तरी लिखाण गेलं. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे गुगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर, म्हणजे गुगलवर धंद्याची माहिती दाखवणाऱ्या नोंदीबरोबर, एक छोटी फुकट वेबसाइट मिळायची, पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साइट असायचं, कित्येक लहान दुकानदारांनी, क्लासवाल्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, मार्च २०२४ मधे गुगलनं त्या सगळ्या साइट बंद केल्या. कार्डं छापलेली तशीच राहिली. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक फ्रीलान्स लेखकाची, भाषांतरकाराची, मुद्रितशोधकाची स्वतःच्या डोमेनवरची, म्हणजे स्वतःच्या नावानं घेतलेल्या इंटरनेट पत्त्यावरची, साधी वेबसाइट पाहिजे, मराठीत पाहिजे, त्यावर कामाचे नमुने आणि दर पाहिजेत.

डोमेनचं थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. डॉट इनचं नाव वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर पडतं, पहिलं वर्ष स्वस्तात देतात आणि पुढच्या वर्षीपासून खरा दर लागतो, तो आधीच बघून ठेवायचा. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते नाव कोणाच्या खात्यावर आहे. ओळखीतल्या एका भाषांतरकार ताईंची साइट त्यांच्याच गावातल्या एका मुलानं करून दिली, डोमेन त्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं, पुढे तो नोकरीला बाहेर गेला, फोन उचलेना, रिन्युअल चुकलं आणि ते नाव दुसऱ्याच कोणी उचललं, आता तिथे ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसते आणि जुन्या क्लायंटना ताईंनी पाठवलेल्या प्रत्येक मेलखाली तोच पत्ता आहे. जमिनीचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का? तसंच आहे हे. साइट कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेनचं खातं आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल नंबरवर, पासवर्ड आपल्याकडे, आणि शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. उद्या कंपनी बदलायची झाली तर ट्रान्सफरसाठी एक कोड लागतो, तो ज्याच्या खात्यात असतो त्यालाच मिळतो.

डॉट भारतबद्दल बरेच जण विचारतात. देवनागरीतलं हे डोमेन २०१४ च्या ऑगस्टमधे सुरू झालं, मराठी, हिंदी, कोकणी अशा देवनागरी वापरणाऱ्या भाषांसाठी. आपलं पूर्ण नाव देवनागरीत, पुढे डॉट भारत, फार छान दिसतं आणि मला त्याचं मनापासून प्रेम आहे. पण व्यवहारात अजून अडचणी आहेत, तो पत्ता कॉपी करून कुठे पेस्ट केला की पुष्कळदा एक्सएन आणि दोन डॅशनं सुरू होणारी न वाचता येणारी अक्षरं दिसतात, लोकांना तो फ्रॉड वाटतो, आणि देवनागरी ईमेल पत्ता तर कित्येक फॉर्म घेतच नाहीत. तेव्हा मुख्य पत्ता डॉट इन ठेवावा आणि डॉट भारत घेऊन तो तिकडे वळवून द्यावा, म्हणजे नावही आपल्याकडे राहतं आणि क्लायंटही घाबरत नाही.

साइट कशात बनवायची यावर मी जास्त बोलणार नाही, वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे, गुगल साइट्स फुकट आहे, दोन्हीवर काम होतं. साइटचा पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होईल एवढं मात्र बघा, २०१८ पासून क्रोम एसएसएल (जोडणी सुरक्षित ठेवणारं सर्टिफिकेट) नसलेल्या साइटवर असुरक्षित असं दाखवायला लागला, आणि ते सर्टिफिकेट फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर विचारा कशाचे म्हणून.

आता मजकूर, आणि इथे मला खरंच राग येतो, कारण लिहिणं हाच ज्यांचा धंदा त्यांच्याच साइटवरचं मराठी वाचवत नाही. 'आम्ही दर्जेदार व सर्जनशील आशय निर्मितीच्या सेवा पुरवतो' असं वाक्य मी किती ठिकाणी वाचलं असेल, हे कोण बोलतं? कोणत्या प्रेसवाल्याला, कोणत्या पतसंस्थेच्या मॅनेजरला यातून कळतं की याच्याकडून काय करून घेता येईल? त्यापेक्षा सरळ लिहा की पतसंस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीतून मराठीत करून देते, आकडे आणि तक्ते तपासून देते, अडीचशे पानी पुस्तकाचं मुद्रितशोधन करते, दोन प्रूफं बघते, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन लेख लिहून देते, औषध कंपनीचं माहितीपत्रक शेतकऱ्याच्या बोलीत लिहिते. प्रत्येक कामाखाली एक नमुना. आणि नमुना म्हणजे कात्रणाचा फोटो नको, मजकूर टाइप केलेला पाहिजे, कारण फोटोतलं मराठी शोधणाऱ्याला सहजासहजी सापडत नाही. भाषांतराचा नमुना असेल तर इंग्रजी परिच्छेद वर आणि मराठी खाली असं द्या, क्लायंटला दोन मिनिटांत कळतं हा माणूस शब्दाला शब्द लावतो का मजकूर समजून लिहितो. एखादं पान इंग्रजीतही ठेवा, बंगळुरू-हैदराबादच्या एजन्सीतला माणूस मराठी वाचत नाही पण मराठी भाषांतरकार शोधतोय.

दर लिहायला लोक लाजतात. का ते मला कळतं, मानधन मागायची आपल्याकडे सवय नाही, लिहिणं म्हणजे सरस्वतीची सेवा वगैरे ऐकतच मोठे झालो आपण. पण दर नसला की फोनवर प्रत्येक वेळी पहिल्यापासून घासाघीस, आणि भिडेपोटी शेवटी नुकसानीत काम. साइटवर किमान दर लिहून ठेवा, त्याच्याखाली अटी लिहा, ॲडव्हान्स किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, रात्रीत पाहिजे असेल तर किती जास्त. भाषांतराचा दर मूळ इंग्रजी शब्दांवर आहे हे ठळक लिहा, कारण मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, 'घराच्या अंगणात' हे मराठीत दोन शब्द पण इंग्रजीत सहा होतात, म्हणजे मराठी शब्द मोजून पैसे घेतले तर तेवढ्याच कामाचे कमी मिळतात, आणि काही एजन्सी हे माहीत असूनच मराठी शब्द मोजायला सांगतात. आणखी एक दर हल्ली वेगळा लिहावाच लागतो, मशिननं केलेलं भाषांतर दुरुस्त करायचा. लोक गुगल ट्रान्सलेट किंवा एआयमधून काढतात आणि पाठवताना म्हणतात ताई नुसती नजर टाका, प्रूफरीडिंगचे पैसे देतो. वरून नीट दिसणारं ते मराठी आतून किती बिघडलेलं असतं हे करणाऱ्यालाच माहीत, पुष्कळदा नव्यानं लिहिणं परवडतं. ते प्रूफरीडिंग नाही, ते संपादन आहे आणि त्याचा दर वेगळा आहे असं साइटवर छापलेलं असलं की वाद होत नाही, नुसती लिंक पाठवायची.

पैशाचंच चाललंय तर हेही, की उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योजक म्हणून सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे घेऊन करून देणाऱ्या नकली साइटवर जाऊ नका. नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर वेळेत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तेव्हा साइटच्या तळाशी आणि बिलावर उद्यम क्रमांक टाकला की अकाउंटवाला जरा लक्ष देऊन बघतो. जीएसटीची भीती बहुतेकांना उगीच असते, सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या पुढे गेल्यावर तो प्रश्न येतो.

दिसण्याबद्दल दोन गोष्टी सांगते ज्या वेबसाइट करून देणारी मुलं सहसा बघत नाहीत कारण त्यांची तयार डिझाइनं इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेली असतात. एक म्हणजे हेडिंगमधे अक्षरं फाकवायची स्टाइल, इंग्रजीत ती देखणी दिसते पण मराठीत शिरोरेषाच तुटते, प्रत्येक अक्षर सुटं होऊन लोंबतं, आणि ओळींमधलं अंतर कमी असलं तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ते सेटिंग शून्यावर आणायला सांगा आणि ओळी मोकळ्या करायला सांगा. दुसरी म्हणजे पानाची भाषा. आत कुठेतरी पान कोणत्या भाषेत आहे ते लिहिलेलं असतं, तिथे पुष्कळदा इंग्रजी नाहीतर हिंदी राहून जातं. ते मराठी केलं की चांगल्या फॉन्टमधे आपला पाकळीवाला ल आणि देठवाला श येतो, जो २००९ च्या शासन निर्णयात प्रमाण म्हणून दिलाय, नाहीतर हिंदी वळणाचा दंडवाला ल दिसत राहतो. शिवाय अंध वाचक जे सॉफ्टवेअर वापरतात त्यालाही वाचायचं कोणत्या भाषेत ते यावरूनच कळतं. फॉन्टला पैसे घालायची गरज नाही, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेला 'मुक्ता' हा फॉन्ट फुकट आहे आणि वाचायला फार सुखाचा आहे. फोनवर साइट उघडून 'दऱ्याखोऱ्या', 'ॲप', 'शृंगार' हे तीन शब्द टाकून बघा, नीट दिसले तर बहुतेक सगळं नीट दिसेल.

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळंच आहे. आमच्यातल्या ज्येष्ठांचं आयुष्यभराचं काम श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधे आहे, ते जसंच्या तसं साइटवर टाकलं की रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो. कन्व्हर्टरमधून युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आणता येतं पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात म्हणून नंतर ओळ न ओळ वाचावी लागते. सगळं नका आणू, सहा-सात उत्तम लेख निवडा आणि तेवढेच नीट करा.

आणि आता तुमच्याकडे वळते, कारण हे पत्र नुसतं माझ्यासारख्यांसाठी नाहीये. फ्रीलान्स लेखकाचा सगळ्यात वजनदार नमुना म्हणजे पेपरात छापून आलेला लेख. पण ई-पेपरचं पान म्हणजे चित्र, ते शोधलं तर सापडत नाही, कित्येक पेपरांच्या वेबसाइटवरच्या जुन्या लिंक साइट बदलली की मरतात, आणि लेखकानं तोच लेख आपल्या साइटवर टाकला तर चालेल का हे कोणी सांगत नाही, लेखक बिचारा घाबरून टाकत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात पगारी नोकर नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे ज्याच्याकडून काहीच लिहून घेतलेलं नाही त्याचा लेख त्याचाच आहे. तरी संबंध बिघडायला नकोत म्हणून लोक गप्प बसतात.

तर विनंती अशी की बाहेरच्या लेखकाचा लेख स्वीकारल्याच्या मेलमधेच एक ओळ टाका, छापून आल्यावर इतक्या दिवसांनी हा लेख पेपरचं नाव आणि तारीख देऊन स्वतःच्या वेबसाइटवर टाकायला हरकत नाही. पंधरा दिवस म्हणा, महिना म्हणा. लेखाखाली ईमेल छापता तसा लेखकाचा वेबसाइटचा पत्ताही छापा, आणि ऑनलाइन आवृत्तीत तो दाबला की उघडेल असा ठेवा. भाषांतरित मजकुराखाली भाषांतरकाराचं नाव द्या, एजन्सीचं नाही. आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची पुरवणी काढाल तेव्हा त्यातलं एक पान जिल्ह्यातल्या लिहून देणाऱ्या लोकांना द्या, नाव, गाव, काय काम करतात आणि साइटचा पत्ता एवढंच, जाहिरातीचे पैसे न घेता. ज्यांची साइट नाहीये ते त्या पानासाठी तरी करतील, फेब्रुवारीच्या आधी तुम्ही नुसतं जाहीर केलंत तरी पुरे आहे. सांगली, मिरज, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) भागातल्या लोकांची माहिती गोळा करून तपासून द्यायचं काम मी करीन.

कळावे,
एक फ्रीलान्स लेखिका व भाषांतरकार, सांगली